करवती छपरांचं गाव, किर्यू

आमच्या अण्णांना टोकियो आवडलं नाही. पाहुणे म्हणून आले होते, त्यामुळे तोंडावर बोलले नाहीत. उंच मनोऱ्यावर नेलं तर म्हणाले, "गाव लई मोठं हाय गं." देवळात नेलं तर म्हणाले, "स्वच्छ हाय." फुजी डोंगर दाखवायला चांगले तीन तास बसमधून नेलं, तर तो ढगात. त्याबद्दल मात्र त्यांनी जपान्यांना बोल लावला नाही. आपल्याकडे तरी पावसाळ्यात पन्हाळा कुठं दिसतो, म्हणाले.

आम्ही टोकियोतल्या एदोगावाला राहतो. माझ्या नवऱ्याला त्याच्या बँकेनं मुंबईहून इथल्या शाखेत पाठवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आजूबाजूला आयटीतली इतकी आपली माणसं येऊन राहिली आहेत, की चौकातल्या दुकानात कढीपत्ता मिळतो आणि सायकल स्टँडवर दोन बायका भेटल्या तर एक हमखास पुण्याची निघते. मी सुपरमार्केटात डबे भरायचं अरुबाइतो करते, म्हणजे तासावर पगार मिळतो ते काम. तिथं कानाला सवय होत होत माझं जपानी बरं झालं.

अण्णा हवापालटाला आलेत, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. इचलकरंजीत आमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तो विकायचा असं माझा धाकटा भाऊ सुहास दोन वर्षं म्हणत होता. माग भंगारात द्यायचे आणि जागा एका पार्टीला द्यायची, तिला तिथं मंगल कार्यालय बांधायचं होतं. पार्टी तयार होती. जागा अण्णांच्या नावावर, त्यामुळे अण्णांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं. आणि अण्णा म्हणत होते, "मी हाय तवर माग थांबायचा न्हाई." एका घरात राहून बापलेक एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी सुहासनंच तिकीट काढून त्यांना विमानात बसवलं आणि मला फोनवर म्हणाला, "अक्का, थोडे दिवस ठेवून घे. पार्टी महिनाअखेरीपर्यंत थांबणार आहे. तेवढ्यात त्यांचं डोकं थंड झालं तर बघ."

मी कुणाचीच बाजू घ्यायची नाही असं ठरवलं. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीनं माहेरच्या मागात बोट घालू नये. बोटालाच लागतं.

एक अडचण मात्र रोजची होती. मागावरची माणसं ओरडून बोलतात. आमच्या घरात साधं "मीठ दे" हेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असंच म्हटलं जायचं, कारण भिंतीपलीकडे दिवसभर खडखडाट. त्यात अण्णांचे कान मागांनी निम्मे खाल्लेले. इथल्या गाडीत माणसं कुजबुजतसुद्धा नाहीत, आणि अण्णा खिडकीतून पाहून गर्जायचे, "सुमे, ते बघ, शेतात माणूसच न्हाई!" अख्खा डबा आपापल्या बुटांकडे बघायचा. माझी मुलगी तर दोन सीट सोडून बसायची आणि काही विचारलं की जपानीतून उत्तर द्यायची, आपण यांच्यातले नाहीच असं दाखवायला.

किर्यूचं नाव माझ्यासोबत डबे भरणाऱ्या एका बाईनं काढलं. ती तिथलीच. "वडील विणकर? मग त्यांना टोकियोत काय ठेवलंय? आमच्या गावी घेऊन जा," म्हणाली. नवरा म्हणाला, "वेडी आहेस का? माग बघितले की आणखी हट्टाला पेटतील." मला वाटलं, पेटले तर पेटले. निदान एक दिवस तरी माणूस खूश होईल.

बाजाराचा दिवस

नोव्हेंबरातला शनिवार होता. टोकियोतल्या असाकुसा स्टेशनहून निघणाऱ्या गाडीत आम्ही दोघांनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. लांब पल्ल्याच्या गाडीत खाल्लेलं चालतं, हा इथला एक चांगला नियम. अण्णांना या देशात पटलेला बहुधा एवढाच.

गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. एका बाजूनं वातारासे नदी जाते, मधून एक सरळ लांब रस्ता, आणि रस्त्याच्या वरच्या टोकाला तेनमांगू नावाचं देऊळ. गावाची आखणीच देवळापासून सुरू झाली म्हणतात. देवळाच्या दारात रेशमाचा बाजार भरायचा. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं विणलेलं कापड पाठीवर घेऊन यायची, टोकियोचे व्यापारी पायी चालत यायचे. इथं विणकाम कसं आलं याचीही एक गोष्ट आहे. तेव्हाच्या राजधानीतली एक खानदानी मुलगी या गावच्या एका साध्या माणसाशी लग्न करून आली आणि तिनं गावातल्या बायकांना रेशीम विणायला शिकवलं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे सासरी येऊन कामाला लागली. त्यात काय गोष्ट?"

नंतर ओढ्याच्या पाण्यावर चाकं फिरू लागली, मग वाफ आली, मग वीज. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इतकी भरभराट झाली, की मागाचा एक खटका वाजला की दहा हजार येन आले, असं लोक म्हणायचे. हे ऐकून अण्णा हसले. आमच्याकडेही एक काळ असा होता. कारखानदार लग्नात हत्ती आणायचे. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, आणि अण्णांचं यावर एक ठाम मत आहे: "त्ये मँचेस्टर मेलं, म्हणून आपन जगलो." किर्यूबद्दल त्यांनी लगेच मत दिलं नाही. आधी छपरं बघितली.

या गावात बघण्यासारखं म्हणजे छपरंच. करवतीच्या दातांसारखी एकामागून एक उभी राहिलेली, प्रत्येक दाताच्या उभ्या बाजूला काच, आणि काच उत्तरेकडे. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. त्यात रेशमाचा रंग खोटा दिसत नाही आणि तुटलेला धागा लपत नाही. अशी छपरं अजून गावभर आहेत, काही लाकडी, काही दगडी, एक लाल विटांचं. अण्णा प्रत्येकापाशी थांबून कान लावायचे. आतून आवाज नाही. एकात केस कापायचं दुकान, एकात चित्रकाराचं काम चाललेलं, एकात जुन्या मोटारी. एकाच्या दाराला कुलूप आणि कुलपावर वेल चढलेली.

"समदं झाकपाक ठेवलंय," अण्णा म्हणाले. "मयताला न्हाऊ घालून ठेवतात तसं."

ती पार्टी दोघांच्याही डोक्यात होती.

देवळाच्या आवारात महिन्यातून एकदा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तो नेमका त्या दिवशी होता. किटल्या, बाहुल्या, कुणाच्या तरी आजीचे किमोनो ढिगानं. एका बाईच्या दुकानात लाकडी धोटे मांडलेले होते. माग चालताना धाग्याची कांडी पोटात घेऊन उभ्या धाग्यांतून इकडून तिकडं पळतो तो धोटा. त्यात पाणी घालून एकेक फूल खोचलं होतं, शोभेची फुलदाणी म्हणून. अण्णांनी एक उचलला, फूल काढून माझ्या हातात दिलं, पाणी ओतून टाकलं, आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून फुस्सकन हवा ओढली. धागा बाहेर काढायची जुन्या विणकरांची ही रीत. धागा नव्हताच, नुसती शिट्टी वाजली. ती बाई तोंडावर हात ठेवून इतकी हसली, की शेजारची दुकानं बघायला लागली.

"माझी आईसुद्धा अस्संच करायची!" ती म्हणाली. मग अण्णा कोण, कुठले, हे तिनं माझ्याकडून काढून घेतलं आणि सांगितलं, की देवळामागच्या गल्लीत होशिनो-सान (सान म्हणजे आपलं राव) अजून माग चालवतात, जाऊन बघा, काही म्हणणार नाहीत. अण्णांनी ते फूल तिला परत दिलं. धोटा मात्र घेतला नाही. घरी दोन पोती पडलीत, म्हणाले.

होशिनो-सानांकडे

गल्लीत शिरताच अण्णांची चाल बदलली. मला काही ऐकू यायच्या आधी त्यांना ऐकू आलं, आणि हा माणूस निम्मा बहिरा! "चालू हाय," म्हणाले आणि पुढं निघाले. मी मागून पळत.

होशिनो-सान सत्तरीचे असतील, म्हणजे अण्णांएवढेच. काटक, पायात रबरी चपला, डोक्याला टॉवेल बांधलेला. मी वाकून ओळख सांगितली. त्यांनी अण्णांचे हात बघितले आणि आत या म्हणाले. उंच छपराखाली चार माग, त्यातले दोन चालू, वरून पांढरा उजेड. तेलाचा वास तर थेट आमच्या घरचा. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, तो वास नाकात गेला आणि मला आईची फार आठवण आली. ती कांड्या भरायला बसायची, तेव्हा तिच्या पदराला हाच वास असायचा.

दोघांना माझी गरज लागली नाही. अण्णा मराठीत ओरडत होते, होशिनो-सान जपानीत ओरडत होते, बोटं दाखवत होते, आणि दोघंही मान डोलवत होते. मग होशिनो-सान शेडच्या दुसऱ्या टोकाला कांडी बदलायला गेले. अण्णा चालू मागापाशी उभे राहिले. त्यावर किमोनोच्या कमरेला बांधायचा रुंद पट्टा विणला जात होता, फिक्या निळ्या रेशमाचा.

इथं आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. इचलकरंजीत चालू मागावर तुटलेला धागा दिसला, की ज्याला दिसेल त्यानं माग थांबवायचा. माग कुणाचाही असो. विचारायचं नाही. आमच्या गल्लीत पोस्टमननं माग थांबवलाय, वराकडच्या पाहुण्यांनी मुलगी बघायला आल्यावर थांबवलाय, मी पाच वर्षांची असताना स्टुलावर चढून थांबवलाय. कुणी थांबवला नाही तर लोक म्हणतात, डोळे फुटले होते का?

अण्णांना ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, मधोमध एक फट दिसली. धागाच नाही. हात आपोआप गेला, दांडा ओढला. माग थांबला.

होशिनो-सान वळले आणि अक्षरशः पळत आले. चेहरा पांढराफटक. आधी अण्णांच्या हातांकडे बघितलं, मग बाह्यांकडे, मग कापडाकडे. अण्णा विजयी मुद्रेनं त्या फटीवर बोट ठेवून उभे होते. होशिनो-सानांनी वाकून माफी मागितली, दोनदा. "मी आधी सांगायला हवं होतं," म्हणाले. तो उन्हाळ्यातला पट्टा होता. वारा खेळावा म्हणून त्यात मधेमधे धागे मुद्दाम गाळतात आणि जाळीसारखी रेघ तयार होते. काही तुटलं नव्हतं. आणि इतक्या तलम रेशमावर माग मधेच थांबवला, की जिथं थांबतो तिथं आडवी रेघ उमटते. ती पुन्हा जात नाही.

मी हे अण्णांना सांगितलं. जन्मभर धोतर आणि मलमल विणलेला माणूस. धागा गाळून कापड करतात, हे त्यांच्या बापजन्मी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी वाकून ती रेघ बघितली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"त्याला म्हणावं, मला शिव्या घाल."

"अण्णा, इथं तसं नसतं."

"मग काय असतं? दुसऱ्याचं कापड नासवलं आन तोच माफी मागतोय! ह्ये काय बरोबर न्हाई. सांग त्याला, घाल म्हणावं शिव्या, मी ऐकून घेतो."

मी जपानीत एवढंच म्हटलं, की वडिलांना फार वाईट वाटतंय. होशिनो-सान म्हणाले, "दाइजोबू, दाइजोबू." म्हणजे काही हरकत नाही. इथं राहून मला कळलंय, की दोनदा म्हटलं की हरकत असते. पण त्यांनी दुसरा, जाड कापडाचा मागही बंद केला, चहा ठेवला आणि आम्हाला खोक्यांवर बसवलं. शेड एकदम गप्प झाली. अण्णा खाली मान घालून बसले होते. मला त्यांची इतकी दया आली, की वाटलं उठून घरी न्यावं.

मग होशिनो-सान स्वतःहून बोलायला लागले आणि मी वाक्यावाक्याला सांगत गेले.

"कापडाचं सोडा. मी घाबरलो ते त्याच्यासाठी नाही. आवाज बंद झाला, आणि मला वाटलं, बायको उभी असेल. ती त्याच बाजूला बसायची. माझं लक्ष नसलं की तीच माग थांबवायची. ती गेल्यावर या शेडमध्ये माझ्याशिवाय कुणी माग थांबवलेला नाही."

अण्णांनी वर बघितलं. "एकटाच असतोय का? दिवसभर?"

"एकटाच. मुलगा टोकियोत, कम्प्युटरच्या कंपनीत." मग त्यांनी उजवी बाही कोपरापर्यंत वर केली. हातावर एक लांब, चकचकीत व्रण होता. "दोन हिवाळ्यांपूर्वी बाही मोटरच्या पट्ट्यात अडकली. बटण समोर दिसत होतं, पण हात पोचत नव्हता. शर्ट जुना होता, फाटला, म्हणून सुटलो. नवा असता तर..." ते हसले. इथली माणसं अशा गोष्टी हसून सांगतात. "मुलाला सांगितलेलं नाही. तो बंद करा म्हणेल."

मी सांगून संपवलं तरी अण्णा त्या हाताकडे बघत राहिले. चहा तसाच निवला. निघताना ते होशिनो-सानांसमोर वाकले. वाकायची त्यांना सवय नाही, गुडघेही दुखतात. मग त्यांनी दोन्ही हातांनी त्या माणसाचा तो हात धरला, आणि होशिनो-सानांनी तो सोडवून घेतला नाही.

स्टेशनवर

किर्यूचे रुंद, चपटे उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, प्रसिद्ध आहेत. पण रश्श्यात मासळी असते, म्हणून आम्ही ते नुसते काचेतून बघितले. स्टेशनवर आलो. गाडीला वेळ होता.

"सुहाससंगट कोण असतं आत?" त्यांनी अचानक विचारलं.

मला माहीत होतं. सुहासनं मला सांगितलं होतं आणि अण्णांना सांगू नको असंही सांगितलं होतं. अण्णा इकडं आल्यावर कामगार गावी गेले ते परतलेच नव्हते. मी माझा नेम आठवला, बाजू घ्यायची नाही. पण तो चकचकीत व्रण डोळ्यांसमोरून जाईना. मला भीती वाटली, खरी भीती.

"त्यालाच विचारा," मी म्हटलं, आणि पर्समधलं भारतात बोलायचं कार्ड काढून प्लॅटफॉर्मवरच्या हिरव्या सार्वजनिक फोनवर नंबर लावून दिला. तिकडं दुपार होती.

अण्णा फोनवरही ओरडतात. प्लॅटफॉर्मवरची दोनचार माणसं वळली. रिसीव्हरमधून खडखडाट मला बाहेर ऐकू येत होता. आमचाच आवाज. त्यावरून सुहास ओरडत होता, "अण्णा? बोला! मोठ्यानं बोला!"

"आत कोण हाय तुझ्याजवळ?"

"कोण असणार? मीच हाय!"

"आन कांडीवाली?"

"तुम्ही गेल्यापासून येत न्हाई ती!"

"मग तुझी बाही अडकली तर?"

"काय? काय अडकलं? ऐकू येत न्हाई!"

अण्णांनी डोळे मिटले. "बंद कर."

"काय बंद करू? फोन?"

"माग. माग बंद कर, सुहास. समदे."

तिकडून नुसता खडखडाट. मग सुहास म्हणाला, "अण्णा, आज लाइट हाय. दिवसभर हाय."

"असू दे. बंद कर."

आमच्याकडे लाइट असताना सगळे माग कधी थांबवत नाहीत. मी जन्मल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. रिसीव्हरमधला आवाज आधी थोडा विरळ झाला. मग आणखी. एकेका मागापाशी सुहास जात असणार. मग एकच माग राहिला, खट्-खट्, खट्-खट्, आणि तोही थांबला. अण्णा रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून उभे होते.

"अण्णा?" सुहासचा आवाज. न ओरडता. "काय झालंय? तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. त्या पार्टीला हो म्हणून सांग."

कार्ड संपत आल्याची टूं-टूं सुरू झाली. अण्णांना अजून काहीतरी बोलायचं होतं. ते इतक्या हळू बोलले, की शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं पुस्तकातून मानसुद्धा वर केली नाही.

"जेवलास का?"

"न्हाई अजून," सुहास म्हणाला, आणि ते मला तीन हात लांबून ऐकू आलं.